भोपाळ-मुंबईमार्गे परतवाडा

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याहून मुक्तागिरीला जायला अर्धा तास पुरतो. डोंगराच्या कुशीत बावन्न जैन मंदिरं, मधूनच कोसळणारा धबधबा, पायऱ्या-पायऱ्यांवर माकडं. शेजारच्या अचलपूरचे लोक पाहुण्यांना तिथं घेऊन जातात ते आपल्याच गावचं काहीतरी दाखवायला नेल्यासारखे. पण ही मंदिरं मध्यप्रदेशात आहेत, बैतूल जिल्ह्यात. वाटेत राज्य बदललं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. बहिरमच्या यात्रेतही तसंच. थंडीत महिनाभर भरणाऱ्या त्या यात्रेत रोडगे आणि हंडीतलं मटण खायला दोन्ही राज्यांतून माणसं येतात आणि एकाच चुलीभोवती बसतात.

आता समजा, त्याच बैतूलची एक मुलगी नर्सिंग शिकली, लग्न होऊन परतवाड्यात आली आणि तिला इथल्या हॉस्पिटलात पहिली नोकरी हवी आहे. ती स्वतः एसटीत बसून एका सकाळीत पोचते. तिचे कागद मात्र आधी भोपाळला जातात, तिथून मुंबईला, आणि मग कुठे परतवाड्याला येतात. नकाशावर बोट ठेवून हा प्रवास पाहिला की हसू येतं. तो असा का आहे हे शोधायला गेलं की हसू मावळतं आणि आश्चर्य सुरू होतं, कारण त्या कागदांच्या वाटेवर नर्सिंगच्या इतिहासातलं एक जुनं भांडण अजून न मिटता बसलेलं आहे.

भांडणाकडे वळण्याआधी अचलपूरची एक गंमत. एके काळी हे गाव इमादशाहीची राजधानी होतं, इंग्रजांच्या दप्तरात ते एलिचपूर झालं आणि शेजारच्या परतवाड्यात त्यांची छावणी पडली. 1853 साली निजामानं वऱ्हाड कंपनीच्या कारभारात दिलं, 1903 साली ते मध्यप्रांताला जोडलं गेलं. 1950 साली या प्रांताचं नाव मध्यप्रदेश झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. म्हणजे 1955 साली बैतूलहून अचलपूरला नोकरीला येणारी नर्स राज्य बदलत नव्हती, फक्त जिल्हा बदलत होती. मग 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, बैतूल मध्यप्रदेशातच राहिलं. आदल्या रात्री अचलपुरात नाइट ड्युटीला गेलेली नर्स सकाळी ड्युटी उतरली ती दुसऱ्या राज्यात! पाऊलही न हलवता. 1 मे 1960 ला ती पुन्हा एकदा नव्या राज्यात गेली, तेही घरबसल्या.

बरं, राज्य बदललं म्हणून कायदे लगेच बदलले नाहीत. पुनर्रचनेच्या कायद्यातच तशी सोय होती: नवा कायदा होईपर्यंत ज्या भागात जो कायदा चालू आहे तोच चालेल. त्यामुळे एकाच राज्यात मुंबईकडच्या नर्सला एक कायदा आणि वऱ्हाडातल्या नर्सला दुसरा, अशी काही वर्षं गेली. साऱ्या महाराष्ट्राला एक कायदा मिळाला तो 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानं, आणि तेव्हापासून वऱ्हाडातल्या नर्सचं नाव मुंबईतल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत चढतं. माणसानं सीमा ओलांडण्याचे किस्से आपण पुष्कळ ऐकतो. इथे सीमाच माणसांना ओलांडून गेली.

आता ते भांडण. नर्सचं नाव सरकारी नोंदवहीत असावं की नसावं, असा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात पेटला होता. नोंदणी हवी म्हणणाऱ्या नर्सेस एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला कोण? साक्षात फ्लॉरेन्स नाइटिंगेल! आपल्याकडे दर 12 मे रोजी जिच्या तसबिरीला हार घालून परिचारिका दिन साजरा होतो, तिचा नर्सेसच्या नोंदणीला विरोध होता. परीक्षा पास झाल्याचं यादी सांगेल, पण ती बाई रोग्याशी कशी वागते, रात्री तीन वाजता हाक मारल्यावर उठते की नाही, हे यादीला कुठून कळणार, असा तिच्या म्हणण्याचा मथितार्थ. मला हा आक्षेप आजही बिनतोड वाटतो. तरीही वाद ती हरली, आणि हरली ते बरं झालं. यादी नसती तर कुणीही पांढरा कोट चढवून सुई टोचत सुटलं असतं.

नर्सेसच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा करणारा जगातला पहिला देश न्यूझीलंड. कायदा 1901 चा, आणि नोंदवहीत पहिलं नाव चढलं एलन डोहर्टी या नर्सचं, जानेवारी 1902 मध्ये. इंग्लंडला त्यासाठी 1919 उजाडलं. आपल्याकडे प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे झाले आणि वेगवेगळ्या वह्या उघडल्या. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेनं सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा विषय राज्यांकडे दिला, वैद्यकीय व्यवसाय मात्र केंद्र आणि राज्यं दोघांच्या सामाईक यादीत ठेवला. नर्स नेमकी या दोन याद्यांच्या फटीत उभी आहे. ती राबते राज्याच्या विषयात, तिचा व्यवसाय सामाईक यादीत. त्याआधीच 1947 च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्यानं अभ्यासक्रमाला देशभर एक माप दिलं होतं, पण नावं लिहिण्याचं काम राज्यांच्या वह्यांकडेच राहिलं. त्या कायद्यानं एक मोलाची गोष्ट केली: मान्यताप्राप्त पात्रता असेल तर ती कुठल्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालायला पुरेशी धरावी. तिथं पुन्हा परीक्षा नाही आणि मुलाखतही नाही.

म्हणजे बैतूलची मुलगी परतवाड्यात नर्स म्हणून पात्र आहेच, तो वाद मिटलेला आहे. उरतं ते एवढंच, की ती खरोखर तीच आहे का हे एका वहीनं दुसऱ्या वहीला सांगणं.

हे सांगणं कसं होतं ते बघण्यासारखं आहे. मुलगी भोपाळच्या कौन्सिलकडे अर्ज करते: मी महाराष्ट्रात जाते आहे, ना हरकत द्या. भोपाळ आपली वही उघडतं. हिचं शिक्षण इथं झालं का, नोंदणी चालू आहे का, नूतनीकरण राहिलंय का, हिच्याविरुद्ध काही तक्रार किंवा कारवाई आहे का, हे सगळं तपासून एक पडताळणीचं पत्र तयार होतं. व्यवहारात त्याला ‘गुड स्टँडिंग’ म्हणतात. ते पत्र एका कौन्सिलकडून थेट दुसऱ्या कौन्सिलकडे जावं अशी अपेक्षा असते, अर्जदाराच्या हातून नव्हे, कारण हातातून गेलेल्या कागदावर मुंबईनं विश्वास का ठेवावा? मुंबईला पत्र मिळालं की तिची मूळ प्रमाणपत्रं, गुणपत्रिका, दहावी-बारावीचे दाखले ताडून पाहिले जातात आणि नवा नोंदणी क्रमांक मिळतो. तेव्हा ती महाराष्ट्रातली नर्स होते.

त्या पत्रातल्या ‘हिच्याविरुद्ध काही नाही’ या ओळीशी थांबून बघा. नाइटिंगेलबाईंचा आक्षेप होता की यादीला वागणूक कळत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांनी यादीनं दिलेलं हे तिचं उत्तर. तोकडं आहे खरं. ही बाई चांगली आहे असं ते म्हणत नाही, वाईट असल्याचं आम्हाला ठाऊक नाही एवढंच म्हणतं. पण एका अनोळखी बाईच्या हातात आपल्या आईची शीर देताना दोन शहरांनी आपसात एवढी विचारपूस केलेली असते, हे कळलं की कागदांचा तो वळसा पहिल्याइतका वेडगळ वाटत नाही.

आता यातली सगळ्यात मोठी गोची सांगतो. ती कायद्यात नाही, नावात आहे. मराठी मुलीचं नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्न झालं की खालचे दोन मजले एकदम बदलतात. नर्सिंगचा तीन-चार वर्षांचा कोर्स संपायला आणि लग्न ठरायला साधारण एकच मुहूर्त सापडतो. मग दहावीच्या सनदेवर एक नाव, नोंदणीवर तेच, आधारवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव, पॅनवर तिसरंच काहीतरी. दोन कौन्सिलांमध्ये पत्र फिरतं ते नावावर. नाव जुळलं नाही की पत्र अडतं. अचलपूरची मुलगी उलट दिशेनं, म्हणजे इंदूर-भोपाळकडे निघाली तरी तेच. शिवाय तिकडे मधलं नाव लिहायची रीतच वेगळी, त्यामुळे फॉर्मच्या चौकटीत बापाचं नाव कुठं घालावं हा प्रश्न. उपाय आहे: विवाह नोंदणीचा दाखला, आणि नाव बदलल्याची राजपत्रातली जाहिरात. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलून घेणं आता ऑनलाइन होतं. कुणी विचारलं तर मी सांगेन, आधी नोंदणी जुन्या नावानंच पुरी करा, नाव बदलायचंच असेल तर सगळीकडे एकदम बदला, आणि अर्ध्यावर राज्य ओलांडू नका. आणि नावच बदललं नाही तर आणखी बरं, पण हे सासरी कोण सांगणार!

कागद झाले, आता नोकरी. पहिल्या नोकरीचं दुखणं सगळ्या धंद्यांत एकच: अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. नर्सिंगमध्ये मात्र अनुभव खाटांत मोजला जातो, हे मला फार नवलाचं वाटलं. देशभरच्या एम्ससाठी 2020 पासून ‘नॉरसेट’ नावाची एक सामाईक परीक्षा होते. अचलपूरच्या मुलीनं संगणकावर ती दिली तर तिची नेमणूक नागपूरला होऊ शकते तशी भोपाळला, जोधपूरला, ऋषिकेशलाही. बीएस्सी नर्सिंगवाल्यांना तिथं अनुभवाची अट नाही. जीएनएम पदविकावाल्यांना आहे: किमान 50 खाटांच्या रुग्णालयात 2 वर्षं.

आता आपल्याकडची रुग्णालयं बघा. प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण 6 खाटांचं, ग्रामीण रुग्णालय 30 खाटांचं, उपजिल्हा रुग्णालय 50 किंवा 100 खाटांचं. मेळघाटच्या पायथ्याशी 30 खाटांच्या रुग्णालयात काम केलेली अधिपरिचारिका एका पावसाळ्यात साप चावलेले, विषारी औषध पोटात गेलेले, वाटेत बाळंत होऊन आलेल्या, झटके येणारी लेकरं, सगळं बघून बसते. रात्री तर डॉक्टर येईपर्यंत तीच सगळं. शहरातल्या 300 खाटांच्या रुग्णालयात एकाच वॉर्डात दोन वर्षं काढलेलीला यातलं निम्मंही दिसत नाही. पण नियमाच्या मापात 300 खाटा भरतात, 30 भरत नाहीत. नियम करणाऱ्यांना कुठंतरी रेघ ओढावीच लागते हे खरं, पण ही रेघ चुकीच्या जागी ओढली आहे असं माझं मत आहे. ती बदलेपर्यंत पहिली नोकरी निवडताना पगाराइतक्याच बारकाईनं खाटा विचाराव्यात, आणि सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या लिहून घ्यावी. परतवाड्यातल्या छोट्या खासगी दवाखान्यात हात तयार होतो, दाखला तयार होत नाही.

सीमा कागदावर इतकी जाड, पण वॉर्डात शिरल्यावर ती कुठं जाते? एक सलाईन घ्या. 500 मिलीची बाटली, डॉक्टरांनी लिहिलंय आठ तासांत संपवा. नेहमीच्या सेटमध्ये 1 मिलीचे 20 थेंब पडतात. म्हणजे बाटलीत 10,000 थेंब, आठ तासांची 480 मिनिटं, भागाकार केला की मिनिटाला सुमारे 21 थेंब. नर्स नळीवरचं चाक अंगठ्यानं किंचित सरकवते, एक डोळा थेंबावर, दुसरा घड्याळावर, आणि पाव मिनिटात पाच थेंब मोजून पुढच्या खाटेकडे जाते. बैतूलला 21, अचलपूरला 21, अबुधाबीलाही 21. हे गणित ज्या क्षणी येतं त्या क्षणी ते सगळ्या जगात येतं. त्याला ना हरकत लागत नाही.

बदलतं ते थेंबाच्या भोवतालचं सारं. महाराष्ट्रात वॉर्डातल्या मदतनीस बाईला मावशी म्हणतात, वॉर्डबॉयला मामा. नर्स जर पुरुष असेल तर ब्रदर. वरच्या परिसेविका, त्यांच्यावर अधिसेविका, म्हणजे मॅट्रन मॅडम. ड्युटी संपताना ओव्हर द्यायचा: कोणत्या खाटेला कोणतं इंजेक्शन दिलं, कुणाची लघवी किती झाली, कुणाच्या नातेवाइकांवर लक्ष ठेवायचं. हा ओव्हर पहिल्या आठवड्यात समजला तर निम्मी नोकरी टिकली. योजनाही बदलतात. इथे महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद, आदिवासी गरोदर बायांसाठी अमृत आहार, तिकडे योजनांची नावं निराळी आणि फॉर्म निराळे. रोग्याच्या बाजूला उभं राहून त्याचा कागद भरून देणं हे नर्सच्या नेमणूकपत्रात कुठंच नसतं, पण दिवसाचा बराच वेळ त्यात जातो.

आणि बोली. “सिस्टर, पोट्ट्यानं कालपासून काही खाल्लं नाई, पोट दुखून रायलं म्हन्ते,” हे पुण्याहून नुकत्याच आलेल्या नर्सला जरा थांबून समजून घ्यावं लागेल. त्याच वॉर्डात धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू बाई असेल तर पुणेकर नर्सची पंचाईतच. कोरकू ही मराठीचीही नातेवाईक नाही आणि गोंडीचीही नाही. ती मुंडा कुळातली, तिची सख्खी भावंडं म्हणजे झारखंड-ओडिशाकडच्या संथाळी आणि मुंडारी. शेकडो किलोमीटर पश्चिमेला एकटीच येऊन बसलेली ही भाषा मेळघाटात बोलली जाते आणि बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर या पट्ट्यातही. म्हणजे ज्या मुलीला नोंदवही ‘दुसऱ्या राज्यातली’ म्हणून वेगळी काढते, तीच या खाटेशी सगळ्यात जवळची असण्याचा संभव आहे. पुण्याच्या नर्सला एकाही नव्या कागदाशिवाय इथं रुजू होता येतं, आणि तिला त्या बाईचं दुखणं विचारता येत नाही!

दुखणंही दोन्हीकडे एकच. सिकलसेल घ्या. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडून काढल्यासारखी कळ उठते. सातपुड्याच्या दोन्ही उतारांवरच्या आदिवासी गावांत हा आजार आहे. तो हटवण्याची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 ला मध्यप्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली. बैतूलच्या एखाद्या रुग्णालयात ज्या नर्सनं अशा कळा पाहिल्या आहेत, तिला परतवाड्यात तेच लेकरू विव्हळत आलं तर नाटक करतंय असं वाटणार नाही.

गंमत म्हणजे परीक्षेच्या बाबतीत ही सीमा पुसण्याचा एक जुना प्रयोग आपल्याच नागपुरात आहे. मिशन हॉस्पिटलांच्या नर्सिंग शाळांसाठी मिड इंडिया बोर्ड नावाचं परीक्षा मंडळ तिथं आहे, आणि अनेक राज्यांतल्या मुली एकाच मंडळाची परीक्षा देतात. पेपर एक, निकाल एक, मग नोंदणी पुन्हा ज्याच्या-त्याच्या राज्यात.

ही अडचण काही आपल्याच नशिबी आली असं नाही. अमेरिकेतही नर्सचं लायसन राज्याचं. तिथं 2000 सालापासून काही राज्यांनी आपसात करार केला की एकाचं लायसन दुसऱ्यात चालेल, आणि आता चाळीसहून अधिक राज्यं त्यात आहेत. कॅलिफोर्निया मात्र अजून बाहेर. ऑस्ट्रेलियानं सगळ्या राज्यांच्या वह्या 2010 साली एकत्र करून टाकल्या. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलनं देशभरच्या नर्सेसची एक जिवंत यादी करायला घेतली. त्यात आधारशी जोडून प्रत्येकीला एक कायमचा क्रमांक मिळतो आणि राज्य बदललं तरी तो बदलत नाही. 1947 चा कायदा मोडीत काढणारा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, आणि त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. दिल्लीतला कायदा खिडकीवरच्या कारकुनापर्यंत पोचायला किती वेळ लागतो हे वऱ्हाडी माणसाला 1956 पासून ठाऊक आहे, तेव्हा निघायचं असेल त्यांनी त्यावर विसंबून राहू नये.

निघण्याआधी आपल्या कौन्सिलचं नूतनीकरण बघून घ्यावं. महाराष्ट्रात ते दर 5 वर्षांनी करावं लागतं, आणि मुदत संपलेल्या नोंदणीवर ना हरकत मागायला गेलं की आधी तेच निस्तरावं लागतं. ज्या राज्यात जायचं तिथल्या कौन्सिलची कागदांची यादी तिथूनच घ्यावी, मैत्रिणीच्या सांगण्यावर नको. पगार बोलताना एक आकडा डोक्यात असावा: 2016 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं खासगी नर्सेसच्या पगाराचा प्रश्न समितीकडे सोपवायला सांगितलं, आणि त्या समितीनं 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना 20,000 रुपयांच्या खाली पगार नसावा अशी शिफारस केली. शिफारसच ती, पण आकडा माहीत असलेल्या मुलीशी बोलताना समोरचा जरा जपून बोलतो. आणि रुजू होताना ‘तुमची ओरिजिनल आमच्याकडे राहू द्या’ असं कुणी गोडीत म्हणालं तर तितक्याच गोडीत नाही म्हणावं. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, त्यांच्यासमोर ताडून द्यायची, साक्षांकित झेरॉक्स ठेवायची, आणि झेरॉक्स दिल्याची पोच घ्यायची.